पाकिटावरचे आकडे आणि घरातला अबोला

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मिरजेची, वय ५९. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. गेल्या महिन्यात आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक यादी आली. बिस्किटे, नूडल्स, चॉकलेट यांच्या पाकिटांवर अमुक अमुक आकडे असतील तर त्यांत डुकराची चरबी असते, असे तिच्यात लिहिले होते. मी घरातली पाकिटे तपासली, तर जवळजवळ प्रत्येकावर त्यांतला एक तरी आकडा निघाला. सगळी कामवाल्या बाईंना देऊन टाकली. मुलगी जर्मनीत शिकते, तिलाही यादी पाठवली. तेव्हा तिने सहज सांगितले की तिथे दीड वर्ष ज्या अस्वलांच्या आकाराच्या रंगीत गोळ्या ती खात होती, त्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असल्याचे तिला मध्यंतरी कळले आणि तिने त्या सोडल्या. मी तिला नको ते बोलले. तीन आठवडे झाले, ती कामापुरते बोलते. यजमान म्हणतात, ‘इतके बघत बसलीस तर साखरसुद्धा खाता यायची नाही.’ त्यांची ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल कशाची असते असे विचारले की उठून जातात. आमच्या विहीणबाई अंडी खातात आणि तरी स्वतःला शाकाहारी म्हणवतात. खरे शाकाहारी राहायचे तर माणसाने नेमके काय खावे?

— एक गृहिणी, मिरज

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण म्हणता तसली यादी मलाही आजवर अनेकदा आली आहे. दर वेळी एखादा आकडा वाढलेला असतो आणि सांगणारा तज्ज्ञ बदललेला असतो. तिच्यातली मूळ चूक एकदा लक्षात आली की पुढची निम्मी भीती आपोआप ओसरते, म्हणून आधी तिच्याकडे वळते. खाद्यपदार्थांत जे इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये), रंग, आम्ले आणि टिकाऊपणासाठीची द्रव्ये घालतात, त्यांना आंतरराष्ट्रीय पद्धतीने क्रमांक दिलेले आहेत. हा क्रमांक द्रव्याचे नाव सांगतो, गोत्र सांगत नाही. आपल्या यादीत बहुधा पहिल्या ओळीतच असलेला ४७१ हा मोनो व डायग्लिसराइड्स या स्निग्ध द्रव्यांचा क्रमांक आहे. ती पाम तेलापासून करता येतात, सोयाबीनच्या तेलापासून करता येतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही करता येतात. तिन्ही वेळा क्रमांक ४७१ हाच राहतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून चरबी ठरवणे म्हणजे ‘पाटील’ या आडनावावरून माणसाचे गाव सांगण्यासारखे आहे.

एखादे साधे बिस्किटाचे पाकीट हातात घेऊन मागच्या बाजूची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. गव्हाचे पीठ, साखर, पाम तेल यांच्यानंतर ‘फुगवणारे पदार्थ’ असे लिहून ५०० आणि ५०३ असे आकडे दिसतील. त्यांतला ५०० म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा, आणि ५०३ म्हणजे बेकरीवाले ज्याला नुसते ‘अमोनिया’ म्हणतात तो अमोनियम बायकार्बोनेट. पुढे ३२२ असेल तर ते लेसिथिन नावाचे इमल्सिफायर असते आणि बिस्किटांत ते बहुधा सोयाबीनचे असते. ३३० हे सायट्रिक आम्ल. लिंबात असते तेच, मात्र कारखान्यात ते साखरेच्या द्रावणावर एक बुरशी वाढवून मिळवतात. ४४० हे घट्टपणा आणणारे पेक्टिन संत्र्या-मोसंबीच्या सालींतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात. यांत कुठेही प्राणी आलेला नाही. आपण बाईंना दिलेल्या पाकिटांपैकी बहुतेक सगळी या जातीची असणार. जाता जाता एक विचारते, राग मानू नका: आपल्या घराला जे अभक्ष्य वाटले ते देताना, आपण ते का देत आहात हे त्यांना सांगितले होते ना?

मग प्राणिज द्रव्य असलेच तर कळणार कसे? त्यासाठी आकडा पाहायचा नसतो, पाकिटाच्या दर्शनी भागावरची खूण पाहायची असते. आपल्या देशात ही खूण २००१ पासून सक्तीची आहे. चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहाराचा. मांसाहाराला आधी तपकिरी ठिपका असे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी त्याच्या जागी चौकटीतला तपकिरी त्रिकोण आणला, त्यामुळे ज्यांना रंगांतला फरक ओळखू येत नाही त्यांनाही आकारावरून कळते. पशू, पक्षी, कीटक, गोड्या किंवा खाऱ्या पाण्यातले जीव यांचा कोणताही अंश, अंडी, किंवा कोणतेही प्राणिज द्रव्य पदार्थात असेल तर नियमाप्रमाणे तो मांसाहारी ठरतो, मग त्याचे प्रमाण चिमूटभर का असेना. प्राण्याच्या चरबीपासून केलेले ४७१ घातलेल्या बिस्किटावर हिरवा ठिपका लावणे हा नियमभंग आहे.

आपली शंका अगदीच निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या पिढीला १९८३ साल आठवत असेल. परदेशातून आणलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली गेल्याचे तेव्हा उघडकीस आले होते, आणि कित्येक घरांतून वनस्पती तुपाचे डबे कायमचे बाहेर गेले होते. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर ६३१ या क्रमांकाचे घ्या. हे डायसोडियम इनोसिनेट चव वाढवण्यासाठी नूडल्सच्या मसाल्यात आणि वेफर्समध्ये घालतात. ते टॅपिओका या कंदाच्या स्टार्चपासून आंबवून करता येते, तसेच मासे किंवा डुकराचे मांस यांपासूनही करता येते. हेच उदाहरण समोर ठेवून दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा आदेश दिला की उत्पादकांनी घटकांचे नुसते सांकेतिक क्रमांक देऊन थांबू नये, तर ते वनस्पतिज आहेत की प्राणिज हेही सांगावे. तेव्हा ६३१ दिसल्यावर जरूर थबका, ठिपका पाहा, आणि तरीही मनाचे समाधान झाले नाही तर पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकाला फोन करून स्रोत विचारा. तो विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता हिरव्या ठिपक्याच्या आतले सांगते, कारण यादी पाठवणाऱ्यांना ज्याचा पत्ता नसतो ते खरे इथे आहे. नियमाने काही प्राणिज गोष्टी मांसाहाराच्या व्याख्येतून मुद्दाम वगळल्या आहेत: दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख. दूध आणि मध आपल्याला खटकणार नाहीत, पण लाखेचे काय? पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे वस्ती करतात आणि अंगाभोवती राळेसारखा स्राव सोडतात. त्या फांद्यांवरचे कवच खरवडून, धुऊन, वितळवून लाख मिळते. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला हे उत्पन्न घेतात. लाखेच्या बांगड्या जिच्या, सरकारी लखोट्यावरचा शिक्का जिचा, तीच लाख शुद्ध करून गोळ्या-चॉकलेटांच्या वरच्या चकचकीत थराला वापरतात. तिचा क्रमांक ९०४. लाख खरवडताना किडे मरतात, हे खरे आहे. नियम तिला चालवून घेतो. आपण चालवून घ्यायचे की नाही हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे. मी स्वतः चालवून घेते. माझ्या एका जैन मैत्रिणीच्या घरात चकाकणारी गोळी येत नाही.

कीटकांचाच दुसरा पदार्थ म्हणजे १२० क्रमांकाचा कार्माइन हा लाल रंग. तो निवडुंगावरच्या कोचिनियल किड्यांना वाळवून काढतात आणि मुख्यतः पेरू देशातून येतो. परदेशी गोळ्यांत आणि स्ट्रॉबेरीच्या दह्यात तो आढळतो. याला मात्र वगळलेले नाही, त्यामुळे आपल्याकडच्या पाकिटावर १२० असेल तर सोबत तपकिरी खूण असायला हवी. बेकरीतल्या केकवर जी लाल ‘चेरी’ ठेवतात तिच्याविषयीही काही जण शंका घेतात. ती बहुतेक ठिकाणी पाकात मुरवून रंगवलेले करवंद असते, आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई.

ज्या गोष्टींवर विनाकारण आळ येतो त्या भराभर सांगून टाकते. अजिनोमोटो, म्हणजे ६२१, माशांपासून करतात असा समज आहे. ते उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून करतात. त्याच्या चवीबद्दल किंवा प्रमाणाबद्दल कोणाची तक्रार असू शकते, जातीबद्दल नको. पावातले यीस्ट हे बुरशीच्या कुळातले आहे, प्राणी नव्हे. आणि विरजणातल्या जिवाणूंना मांसाहार म्हणायचे ठरवले तर आपल्या ताटात ताकही उरणार नाही. साबुदाण्याविषयीचा किळसवाणा संदेश दर आषाढीला फिरतो. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातल्या सत्त्वाचा असतो आणि मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूला होतो. कंद किसून, त्याचे दूध गाळून, हौदात निवळू देऊन जे खाली बसते त्याचे दाणे वळून भाजतात. एखादा कारखाना अस्वच्छ असेल तर ती स्वच्छतेची तक्रार झाली. त्याने साबुदाणा मांसाहारी होत नाही.

यजमानांनी साखरेचे नाव काढले ते चिडून, पण त्या बोलण्यामागे इतिहास आहे. स्वदेशीच्या चळवळीत, १९०५ च्या सुमारास, परदेशी साखर हाडांनी आणि रक्ताने शुद्ध करतात असे सांगून तिच्यावर बहिष्कार घालण्याचे आवाहन झाले होते. मॉरिशसहून येणाऱ्या ज्या साखरेला जुनी माणसे ‘मोरस’ म्हणत, तिला सोवळ्यात न घेणाऱ्या आज्या त्या काळच्या. यात तथ्य इतकेच की हाडे जाळून केलेला कोळसा साखरेचा रंग काढायला खरोखरच वापरत, आणि अमेरिकेतल्या काही शुद्धीकरण कारखान्यांत तो आजही वापरतात. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांची रीत वेगळी आहे. तिथे उसाच्या रसात चुन्याची निवळी घालतात, गंधक जाळून त्याचा वायू रसातून सोडतात, गाळ खाली बसला की वरचा स्वच्छ रस आटवतात. गुऱ्हाळात तर याहून साधे: काहिलीतला रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याला धरून मळी वर येते, आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. चहात साखर खुशाल घाला आणि यजमानांनाही तसे सांगा.

चीजबद्दल आपण विचारलेले नाही, पण मुलगी परदेशात आहे म्हणून लिहिते. पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडतात, त्यामुळे त्याचा प्रश्नच येत नाही. चीजसाठी दूध रेनेट नावाच्या विकराने (एन्झाइमने) साकळवतात, आणि परंपरेने हे रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठराच्या अस्तरातून काढले जाते. म्हणजे वासराचा जीव जातो. भारतातल्या नियमांनी चीजची व्याख्या करतानाच रेनेट प्राणिज नसावे असे म्हटले आहे, आणि सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेले रेनेट आता जगभर सर्रास वापरले जाते. पण इटलीतले पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या रेनेटशिवाय करताच येत नाही, कारण त्या नावाचा नियमच तसा आहे. पास्त्यावर किसून घातलेल्या त्या चीजकडे पाहून कोणाच्या मनात शंका येत नाही, हे मला नेहमी आश्चर्याचे वाटते.

खरे तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख पिढ्यान्‌पिढ्या कसा करत आले आहेत? चांदीचे तुकडे गुरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये एकावर एक ठेवून, त्याची वहीसारखी गठडी बांधून, ती तासन्‌तास हातोडीने कुटत. आपण हा वर्ख देवाच्या नैवेद्यावर लावत आलो. वर्ख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरू नये अशी तरतूद २०१६ मध्ये अन्नसुरक्षा नियमांत आली, आणि यंत्रावर केलेला वर्खही आता मिळतो. ज्या दुकानातून आपण मिठाई घेता तिथे त्यांचा वर्ख यंत्राचा आहे का, एवढे विचारून ठेवा. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर बिनवर्खाची घ्या. चवीत काडीचा फरक पडत नाही.

यजमानांची कॅप्सूल. आपला संशय इथे बरोबर आहे, आणि ते उठून जातात त्याअर्थी त्यांनाही तो असावा. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन गुरांची हाडे व कातडी उकळून काढतात. आतले ड३ जीवनसत्त्व बहुतांशी मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट स्निग्धांशापासून करतात. त्यासाठी लोकर कातरतात, मेंढी मारावी लागत नाही. औषधांना अन्नाचा ठिपक्याचा नियम लागू नाही, म्हणून पाकिटावर काही दिसत नाही. माझी विनंती अशी की औषध परस्पर बंद करू नका आणि करायलाही लावू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ सांगा की जिलेटिन चालत नाही. वनस्पतिज कवचाच्या कॅप्सूल मिळतात, काही औषधे साध्या गोळीच्या रूपात येतात, आणि यीस्ट किंवा अळंबीपासून केलेले ड२ जीवनसत्त्वही असते. यांतले कोणते चालेल हे डॉक्टर ठरवतील. काहीच चालण्याजोगे नसेल तर ती कॅप्सूल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विहीणबाई खोटे बोलत नाहीत. भारताचा नियम अंड्याला मांसाहारात टाकतो. युरोप-अमेरिकेत शाकाहार या शब्दात अंडे सहज बसते. आपल्याच राज्यात माळकऱ्याची रेघ वेगळी आणि जैन घराची वेगळी. जैनांना आपल्या घरातला कांदा-लसूण आणि बटाटा चालायचा नाही, म्हणून ते आपल्याला मांसाहारी म्हणत नाहीत. विहीणबाईंच्या घरी जेवायला जाल तेव्हा ‘केकमध्ये अंडे आहे का’ असे विचारा. ‘शाकाहारी आहे का’ असे विचारलेत तर त्या मनापासून हो म्हणतील आणि पुन्हा गैरसमज होईल.

हाच घोळ मुलीच्या बाबतीत होतो. जर्मनीत आपल्यासारखी सक्तीची खूण नाही. पिवळ्या पार्श्वभूमीवर हिरवे चिन्ह असलेले व्ही-लेबल उत्पादक स्वेच्छेने लावतात, आणि त्यावर ‘वेगेटारिश’ लिहिले असेल तरी आत अंडे असू शकते. ‘वेगान’ लिहिलेल्यातच ते नसते. जुन्या पद्धतीच्या खानावळीत मसुराचे सूप मागवले तर त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात आणि वाढणाऱ्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. आपली फसगत होते ती अशा ठिकाणी, जिथे कोणी फसवत नसते. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये बटाट्याचे काप वनस्पती तेलात तळायला सुरुवात केल्याचे जाहीर केले. पण स्वादासाठी गोमांसाचा अर्क त्यात राहिलाच. २००१ मध्ये तिथल्या हिंदू शाकाहाऱ्यांनी दावा लावला आणि २००२ मध्ये कंपनीने १ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. इकडे ठाण्यात लोकांनी त्यांच्या दुकानाची मोडतोड केली, जिथल्या बटाट्यात तो अर्क नव्हताच. अमेरिकेतले ते शाकाहारी वर्षानुवर्षे निःशंकपणे खात होते. त्यांना कोणी बाटलेले म्हटले नाही.

आपल्या मुलीचेही तेच झाले. घरापासून हजारो मैलांवर, परक्या भाषेतली बारीक अक्षरे वाचून तिने स्वतः शोधून काढले, स्वतः सोडले, आणि विश्वासाने आपल्याला सांगितले. तिने लपवले असते तर आपल्याला कधीच कळले नसते. आपल्या बोलण्याने ती पुढच्या वेळी काय शिकेल, याचा विचार करा. नकळत पोटात गेलेल्या गोष्टीसाठी प्रायश्चित्त घ्यावे लागेल असे मला वाटत नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या बोलण्याबद्दल मात्र आपण तिला फोन करावा, आणि तो आजच करावा.

फोनवर यादीचा विषय काढू नका. ती आज काय जेवली ते विचारा. बोलणे सुरळीत झाल्यावर तिला हे चार शब्द कळवा, तिला ते आतापर्यंत ठाऊक झालेले असतील, तरी आईने शोधून काढले म्हणून बरे वाटेल: ‘गेलाटिने’ म्हणजे जिलेटिन, ‘श्माल्झ’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी, ‘श्पेक’ म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, आणि ‘लाब’ म्हणजे रेनेट, त्याच्या आधी ‘मिक्रोबिएल’ असेल तर ते चालते. अस्वलाच्या गोळ्या पेक्टिनच्याही मिळतात, म्हणजे आपल्या त्या ४४० च्या. दिवाळीत घरी येताना त्यांचे एक पाकीट आणायला सांगा.